खांदा दुखतोय की आग होतेय?

"काकू, कसं दुखतं?"

"कसं म्हणजे काय? दुखतं तसं दुखतं."

फिजिओथेरपीच्या टेबलाशी हा संवाद रोज होतो. मग मी पाच मिनिटं गप्प बसते. थोड्या वेळानं काकू आपणहून सांगतात, "दिवसा ठणकतं, पण रात्री ना, मिरचीचा हात लागल्यासारखी आग होते. आणि मधूनच करंट बसल्यागत होतं." मला हवं असतं ते हेच. ठणका ही एक गोष्ट आणि आग ही दुसरी. दोन्ही एकाच खांद्यात असतात, पण दोघींचे उपचार सारखे नसतात.

खांद्याचा टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, फाटलाय किंवा सुजलाय असं नुकतंच कळलेल्या आणि दुखणं नेहमीच्या गोळीला दाद देत नाही अशा माणसासाठी हा लेख आहे. निदान डॉक्टरच करतील. पण त्यांच्यासमोर जी दहा मिनिटं मिळतात त्यांत नेमकं काय सांगायचं, याची तयारी घरी करता येते.

आधी थोडं आतलं

खांद्याच्या गोल हाडाभोवती चार स्नायूंचे टेंडन मिळून एक टोपी घातल्यासारखी असते. तिला रोटेटर कफ म्हणतात. त्यातला वरचा टेंडन, सुप्रास्पिनेटसचा, सर्वांत जास्त वेळा झिजतो किंवा फाटतो. फळीवरचा डबा काढणं, ब्लाउजचे हूक लावणं, वेणी घालणं, लोकलमध्ये वरची कडी धरणं, ही कामं अडली की बहुतेकदा संशय त्याच्यावर जातो. हे दुखणं दंडाच्या बाहेरच्या बाजूला, म्हणजे लहानपणी लस टोचतात तिथे जाणवतं आणि सहसा कोपराच्या खाली उतरत नाही. त्या कुशीवर झोपलं की वाढतं.

आता नस. मराठीत आपण 'शीर' हा शब्द रक्तवाहिनीला वापरतो आणि संवेदना वाहणाऱ्या नसेलाही. त्यामुळे 'शीर दबली' म्हटल्यावर काही जण रक्तच अडलंय असं समजतात. इथे मी नस म्हणते ती संवेदना वाहणारी. सुप्रास्कॅप्युलर नावाची नस मानेतून निघते, खांद्याच्या फऱ्याच्या, म्हणजे पाठीवरच्या चपट्या हाडाच्या, वरच्या कडेला एक खाच असते तिच्यातून जाते आणि कफच्या दोन स्नायूंना चालवते. खांद्याच्या सांध्यातल्या संवेदनेचा मोठा वाटाही तीच वाहते. दुसरी ॲक्झिलरी नस. ती दंडाच्या हाडाच्या वरच्या निमुळत्या भागाला वळसा घालून दंडाच्या बाहेरच्या स्नायूपर्यंत जाते.

टेंडनच्या दुखण्यात नसेसारख्या वेदना येण्याचे मार्ग मुख्यतः तीन आहेत. एक, नस खरोखरच ताणली किंवा दाबली गेली आहे. खांदा निखळला, जोरात पडलात किंवा टेंडन मोठा फाटून मागे ओढला गेला तर असं होऊ शकतं. व्हॉलीबॉल खेळणाऱ्यांमध्ये वारंवारच्या ताणामुळेही दिसतं. दोन, गडबड मानेतल्या नसेची आहे आणि खांद्याचा टेंडन योगायोगानं त्याच वेळी झिजलेला सापडलाय. साठीच्या पुढे हा योगायोग फार साधा आहे. तीन, नस धड आहे, पण महिनोन्‌महिने दुखून दुखून मेंदू आणि मज्जारज्जू जास्त तिखट झाले आहेत. एकदा चोर पाहिलेलं कुत्रं पुढे पोस्टमनवरही भुंकतं, तसं. कपड्याचा स्पर्शही मग वेदना वाटू लागतो. हे 'मनाचे खेळ' नाहीत. घरातली मंडळी असं म्हणतात तेव्हा मला राग येतो.

पायरी १: कशासाठी थांबायचं नाही

पुढच्या पायऱ्या निवांतपणे करायच्या आहेत, ही मात्र नाही. छातीत दडपण, घाम, श्वास लागणं आणि त्याबरोबर डावा किंवा कुठलाही खांदा दुखणं म्हणजे थेट रुग्णालय. खांद्याच्या दुखण्याबरोबर दोन्ही हातांची बोटं अडखळणं, बटण लावता न येणं, चालताना तोल जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं म्हणजे मानेतल्या मज्जारज्जूवर दाब असू शकतो, तेव्हा त्याच दिवशी डॉक्टर. ताप आणि लाल, गरम खांदा. करंगळीकडे उतरणारं दुखणं आणि त्याच बाजूची पापणी खाली येणं, विशेषतः धूम्रपान करणाऱ्यांत. हे विरळ आहे, पण फुफ्फुसाच्या टोकाची गाठ अशी दिसू शकते.

पडल्यानंतर हात अचानक उचलताच येईना झाला तरी 'महिनाभर बघू' म्हणू नका. ताजा, मोठा फाटलेला टेंडन शिवायचा असेल तर लवकर शिवलेला बरा.

आणखी दोन सोंगं ओळखून ठेवा. एका बाजूला चटके बसल्यासारखी आग आणि काही दिवसांनी तिथेच पुटकुळ्या उठल्या, तर ती नागीण. तिचं औषध पुरळ उठल्यापासून तीन दिवसांच्या आत सुरू झालं तर जास्त उपयोगी पडतं. दुसरं, एका रात्रीत सुरू झालेली असह्य वेदना, जी काही दिवसांनी ओसरते पण तेव्हा हातातली ताकद गेलेली असते. पार्सोनेज आणि टर्नर या दोघांनी १९४८ मध्ये याचं सविस्तर वर्णन केलं. ही नसांचीच सूज असते, टेंडन फाटणं नव्हे.

पायरी २: शब्द लिहा

एक वही घ्या. सात दिवस, झोपताना आणि उठल्यावर, वेदनेचा शब्द लिहा. आकडा नको, शब्द. मराठीला या बाबतीत कमी नाही: ठणका, ठसठस, कळ, चमक, सणक, आग, चटका, टोचणी, मुंग्या, बधिरपणा, अवघडलेपण, चुरचुर, करंट.

हे दोन ढिगांत पडतात. ठणका, कळ, अवघडलेपण, हालचालीबरोबर येणारी चमक हा स्नायू, टेंडन, सांध्याकडचा ढीग. आग, चटका, करंट, मुंग्या, बधिरपणा, स्पर्श सहन न होणं हा नसेकडचा. सणक दोन्हीकडे असते. तिच्याबद्दल पुढे विचारा: हात विशिष्ट कोनात नेल्यावरच येते की काही न करताही येते? काही न करता येणाऱ्या सणकेचं वजन जास्त.

डॉक्टरांकडे यासाठी तयार प्रश्नावल्या असतात. 'पेनडिटेक्ट' नावाची जर्मनीत तयार झालेली प्रश्नावली २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. ती मुळात कंबरदुखीच्या रुग्णांवर बेतलेली, पण खांद्यासाठीही वापरली जाते. तिचे गुण जास्तीत जास्त ३८. १२ किंवा कमी असतील तर नसेचा वाटा असण्याची शक्यता कमी, १९ किंवा जास्त असतील तर बरीच, मधलं धूसर. 'डीएन-४' मध्ये १० मुद्दे असतात आणि ४ किंवा जास्त जुळले तर नसेचा संशय घेतात. पण गुण जास्त आले म्हणजे नस तुटली असा अर्थ होत नाही. वरच्या तिसऱ्या मार्गातल्या, धड नस असलेल्या माणसालाही भरपूर गुण पडतात. प्रश्नावली संशय सांगते, जागा सांगत नाही.

पायरी ३: चित्र काढा

माणसाची पुढची आणि मागची बाह्याकृती काढा, लहान मूल काढतं तशी चालेल. निळ्या पेनानं ठणका, लाल पेनानं आग-करंट, बधिर भाग रेघोट्यांनी. दुखणं किंवा मुंग्या बोटांपर्यंत जात असतील तर नेमकं कुठल्या बोटापर्यंत ते दाखवा. अंगठ्याकडे जाणाऱ्या मुंग्या मानेतल्या सहाव्या नसेकडे बोट दाखवतात, मधल्या बोटाकडे जाणाऱ्या सातव्या आणि करंगळीकडे जाणाऱ्या आठव्या. पाचवीचा मात्र घोटाळा आहे. तिचं दुखणं खांद्यावर आणि दंडावरच राहतं, म्हणजे टेंडनच्या अगदी त्याच जागी. एमआरआयमध्ये टेंडन फाटलेला दिसतो, त्यावर उपचार होतात, आणि खरी कुरकुर मानेची निघते. असे रुग्ण मी बरेच पाहिलेत.

घरच्यांना सांगून पाठीचा, उघड्या खांद्यांचा एक फोटो मोबाइलवर काढून घ्या. दुखऱ्या बाजूच्या फऱ्यावर खळगा पडलेला दिसतो का? दिसला तर स्नायू सुकलाय. तो नसेमुळे सुकलाय की फाटलेल्या टेंडनमुळे काम न करून, हे फोटोवरून कळत नाही, पण डॉक्टरांना दाखवण्याजोगं नक्की आहे.

पायरी ४: मान की खांदा

दुखत्या बाजूचा तळहात डोक्यावर ठेवा, जसं आपण 'अरे देवा' म्हणताना ठेवतो. मिनिटभर थांबा. हात खाली असताना असलेल्या मुंग्या आणि कळ या स्थितीत कमी झाल्या, तर मानेतल्या नसेचा संशय वाढतो, कारण या स्थितीत तिच्यावरचा ताण सैल पडतो. टेंडनच्या दुखण्यात हात वर नेतानाच त्रास होतो. हा नियम नव्हे, खूण आहे.

मान वर करून दुखऱ्या बाजूला वळवल्यावर हातात करंट उतरतो का, हेही हळूच पाहा. जोर लावायचा नाही आणि दुसऱ्याकडून डोकं दाबून तर मुळीच घ्यायचं नाही. ती परीक्षा तपासणाऱ्याच्या हातची.

मग पाठीवर झोपा आणि चांगल्या हातानं दुखरा हात उचला. दुसऱ्या हाताच्या मदतीनं वर जातो पण स्वतःहून जात नाही, तर टेंडन किंवा नसेची ताकद कमी. मदतीनंही अर्ध्यावर अडकतो, तर खांदा आखडलाय, ज्याला फ्रोझन शोल्डर म्हणतात. मधुमेहींमध्ये हे बरंच आढळतं. तिथे 'फाटलाय फाटलाय' म्हणून घाबरून काही मिळत नाही.

पायरी ५: स्पर्श

कापसाचा बोळा, फ्रिजमध्ये पाच मिनिटं ठेवलेला स्टीलचा चमचा आणि न पेटवलेल्या उदबत्तीच्या काडीचं टोक. डोळे मिटा, घरच्या कुणाला तरी आधी चांगल्या आणि मग दुखऱ्या बाजूला तेवढ्याच हलक्या हातानं लावायला सांगा. तीन प्रश्न: कमी कळतं का, जास्त कळतं का, वेगळंच काही कळतं का? कापूसही चुरचुरला किंवा गार चमचा चटक्यासारखा लागला, तर तसंच्या तसं वहीत.

दंडाच्या बाहेरच्या बाजूचा तळहाताएवढा भाग मुद्दाम तपासा. खांदा निखळून बसवल्यानंतर तिथे बधिर वाटत असेल तर ॲक्झिलरी नसेला इजा झालेली असू शकते. यातल्या बऱ्याच इजा वेळ देऊन भरून येतात, पण नोंद झालेली हवी. खांदा निखळला की आपल्याकडे अजूनही आधी हाडवैद्याकडे धाव घेतली जाते. एक्स-रे न काढता हिसका देऊन हात ओढण्यात नस आणि हाड दोन्ही धोक्यात येतात. माझं मत स्पष्ट आहे: आधी एक्स-रे.

पायरी ६: डॉक्टरांकडे

कुठल्या? अस्थिरोगतज्ज्ञ ठीक. वही, चित्र, फोटो, चालू औषधांची यादी आणि मधुमेह असेल तर शेवटचा एचबीएवनसीचा (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा) रिपोर्ट न्या. पहिलं वाक्य पाठ करून जा: "ठणका इथे आहे, आग इथे आहे, आग रात्री अमुक वाजता वाढते." 'खांदा खूप दुखतो' या वाक्यावर वेदनाशामक मिळतं. या वाक्यावर मानही तपासली जाते.

एमआरआयबद्दल एक गोष्ट मनात पक्की करा. साठीनंतर खांदा अजिबात न दुखणाऱ्या अनेकांच्याही एमआरआयमध्ये टेंडन फाटलेला सापडतो, आणि फाटणं मोठं म्हणजे दुखणं मोठं असंही गणित नाही. रिपोर्टमधल्या 'फुल थिकनेस टेअर' (टेंडन पूर्ण जाडीतून फाटणं) या शब्दांनी झोप उडवून घेऊ नका.

नसेचा संशय पक्का असेल तर एनसीव्ही आणि ईएमजी तपासण्या सांगतात. पहिलीत नसेवर हलके झटके देतात, दुसरीत स्नायूत बारीक सुई घालतात. थोडं दुखतं, पण सहन होण्यासारखं. इजा झाल्यावर लगेच केलेला ईएमजी फसवा असू शकतो, कारण स्नायूतले बदल उमटायला साधारण तीन आठवडे लागतात. म्हणून डॉक्टर थांबायला सांगतात, ते टाळाटाळ करत नसतात.

बी-१२ तपासून घ्यायला हरकत नाही, विशेषतः शाकाहारी असाल किंवा मधुमेहासाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेत असाल. पण 'नसेचं दुखणं' म्हटलं की लालचुटूक इंजेक्शनांचा कोर्स, ही पद्धत मला पटत नाही. बी-१२ च्या कमतरतेच्या मुंग्या साधारणपणे दोन्ही पावलांत सुरू होतात. एकट्या उजव्या खांद्याची आग त्यानं होत असेल अशी शक्यता कमीच.

पायरी ७: औषधं समजून घ्या

डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या सुजेच्या ठणक्यावर चालतात, आगीवर फारशा नाहीत. त्यामुळे आग थांबत नाही म्हणून त्यांचीच मात्रा वाढवत नेणं म्हणजे पोट आणि मूत्रपिंड यांना विनाकारण शिक्षा. नसेच्या वेदनेसाठी प्रीगाबालिन, गाबापेंटिन, ड्युलोक्सेटिन, ॲमिट्रिप्टिलिन, नॉरट्रिप्टिलिन अशी वेगळी औषधं आहेत. यांतली काही मुळात फिट्सची, काही नैराश्याची. चिठ्ठीवर किंवा इंटरनेटवर ते वाचून 'मला काय वेड लागलंय?' असं अनेकांना वाटतं. नसांमधून जाणारे संदेश शांत करणं हे त्यांचं इथलं काम.

चार गोष्टी विचारूनच दुकानातून बाहेर पडा. परिणाम कधी दिसेल? सहसा दिवस नव्हे, आठवडे लागतात. झोप किती येईल? सुरुवातीला येते, म्हणून पहिले काही दिवस दुचाकी नको आणि वयस्कर माणसानं रात्री बाथरूमला जाताना दिवा लावून, आधार धरूनच उठावं. बंद कसं करायचं? एकदम नाही, डॉक्टर सांगतील तसं कमी करत. आणि मला प्रोस्टेट, काचबिंदू, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास आहे, चालेल का? शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी मागून घेऊ नका.

ज्यांच्या दुखण्यात नसेचा वाटा नाही, त्यांना यांतली बरीच औषधं गुंगीपलीकडे फारसं काही देत नाहीत. म्हणूनच दुसऱ्या पायरीवर एवढा वेळ घालवला.

पायरी ८: घरी

रात्रीपासून सुरुवात करा. पाठीवर झोपून दुखऱ्या दंडाखाली कोपरापासून खांद्यापर्यंत घडी घातलेली चादर ठेवा, म्हणजे खांदा मागे लोंबत नाही. कुशीवरच झोपायची सवय असेल तर चांगल्या कुशीवर, पुढ्यात उशी घेऊन तिच्यावर दुखरा हात. दोन उशा डोक्याखाली नकोत, मान वाकडी होते.

शेकायला हरकत नाही, पण बधिर भागावर गरम पिशवी म्हणजे भाजून घेण्याचा सरळ रस्ता. मधुमेहींनी तर आधी चांगल्या हातानं पिशवी तपासावी, मध्ये टॉवेल ठेवावा आणि पिशवी घेऊन झोपू नये. आग होणाऱ्या भागावर रगडून मालिश करू नका. तिथे उलट हलकी सवय लावायची: रोज दोन-तीन वेळा, पाच मिनिटं, आधी मऊ सुती कापड, काही दिवसांनी जाडंभरडं, मग टॉवेल. सहन होईल तेवढंच.

व्यायामात पहिला लोलक: टेबलावर चांगला हात टेकून वाका आणि दुखरा हात विहिरीत सोडलेल्या दोरासारखा सैल झुलवा. दुसरा, टेबलावर फडकं ठेवून ओटा पुसल्यासारखा हात पुढे सरकवायचा. तिसरा, कोपर अंगाला टेकवून भिंतीला मूठ लावायची आणि हात न हलवता पाच-सहा सेकंद हलका दाब द्यायचा. रबरी पट्टीचे व्यायाम नंतर, फिजिओच्या नजरेखाली. करताना थोडं दुखलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत पूर्ववत झालं तर चालू ठेवा. व्यायामानंतर मुंग्या तासन्‌तास रेंगाळत असतील तर निम्म्यावर या. हात पूर्ण ताणून मान उलटी वळवण्याचे 'नसेचे स्ट्रेच' व्हिडिओत बघून करू नका. चिडलेली नस ओढली की आणखी चिडते.

हाताला झोळी बांधून महिनोन्‌महिने बसणं हे सर्वांत वाईट. तसं केलं की टेंडनच्या दुखण्यात आखडलेल्या खांद्याची भर पडते.

पायरी ९: इंजेक्शन, ऑपरेशन आणि घाई

सांध्याजवळच्या स्टिरॉइड इंजेक्शननं काही आठवडे बरं वाटतं आणि तेवढ्यात व्यायाम जमवून घेता येतो. मधुमेहींची साखर काही दिवस वाढते, हे आधी माहीत असू द्या. पुन्हापुन्हा घेतल्यास टेंडन कमकुवत होऊ शकतो. सुप्रास्कॅप्युलर नसेजवळ, सोनोग्राफीत बघत दिलेलं ब्लॉकचं, म्हणजे नस बधिर करणारं, इंजेक्शन रात्रीच्या वेदनेसाठी उपयोगी पडतं. भूलतज्ज्ञ किंवा वेदनातज्ज्ञ ते देतात.

न पडता, हळूहळू झिजून पूर्ण फाटलेल्या टेंडनच्या रुग्णांचा अमेरिकेत एक मोठा अभ्यास झाला. त्यातल्या ४५२ जणांना आधी ठरावीक व्यायाम दिले गेले. दोन वर्षांत पंचवीस टक्क्यांहून कमी लोकांनी ऑपरेशन करून घेतलं. म्हणून वयस्कर, झिजेच्या दुखण्यात तीन महिने मनापासून व्यायाम केल्याशिवाय ऑपरेशनची तारीख घेऊ नये, असं मी सांगते. पडून झालेली ताजी इजा, तरुण वय आणि वाढत जाणारी ताकदीची घट यांना हे लागू नाही.

आणि ऑपरेशन ठरलंच, तर सर्जनना विचारा: "माझ्या दुखण्यातलं किती टेंडनचं आणि किती नसेचं?" ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०११ मध्ये एका छोट्या अभ्यासात दाखवलं की ऑपरेशनपूर्वी ज्यांची वेदना अशी दूरवर पसरलेली आणि तिखट झालेली होती, त्यांना खांद्यातला दाब कमी करण्याच्या ऑपरेशनचा फायदा तीन महिन्यांनी कमी मिळालेला होता. याचा अर्थ ऑपरेशन नको असा नाही. शिवलेला टेंडन बघून आग आपोआप जाईल असं मात्र धरून चालू नका. तिचा उपचार आधीपासून चालू असायला हवा.

पायरी १०: सहा आठवड्यांनी तीच वही

नवं चित्र काढा आणि जुन्याशेजारी ठेवा. आकड्यांपेक्षा रंग पाहा. लाल भाग आकसून निळा उरला असेल तर नसेचा उपचार लागू पडतोय आणि आता व्यायाम वाढवायची वेळ आली, जरी 'अजून दुखतंच' असं तुम्ही म्हणत असलात तरी. लाल तेवढाच असेल, किंवा हाताची ताकद कमी होत असेल, तर त्याच गोळ्या पुन्हा लिहून घेऊ नका. मान तपासली का, नसेच्या तपासण्या झाल्या का, हे विचारा. काही सरकारी मेडिकल कॉलेजांत भूलशास्त्र विभाग वेदना-उपचारांची वेगळी ओपीडी चालवतो. ती रोज असेलच असं नाही, म्हणून वार आधी फोन करून विचारून घ्या आणि दोन्ही चित्रं बरोबर न्या.